मावशीचं ‘आम्ही’

मावशीने मला पहिल्यांदा मराठीत बोलावलं तेव्हा मी गेलेच नाही, आणि चूक तिची होती.

“आज संध्याकाळी आम्ही समुद्रावर जाऊ,” दारात उभी राहून, एकेक अक्षर चावत ती म्हणाली. मी म्हटलं, “जा की. मजा करा.” दार लावून घेतलं आणि पोळ्यांची कणीक मळायला लागले. थोड्या वेळाने बघते तर हिची गाडी आमच्या दारासमोर उभी आणि ही सारखी हॉर्न वाजवतेय. मागच्या सीटवर तिचे दोन मुलगे, टॉवेल, कलिंगडाच्या फोडींचा डबा, आणि पुढची सीट माझ्यासाठी रिकामी. कणकेच्या हातांनीच मी बाहेर गेले आणि तिथे रस्त्यात उभं राहून तिला धडा दिला. आम्ही म्हणजे तू आणि तुझी माणसं, त्यात मी नाही. मला धरून सगळे, तर आपण. “आपण समुद्रावर जाऊ, असं म्हणायचं. नाहीतर मी घरी बसणार आणि कलिंगड तुम्ही खाणार.”

ती स्टिअरिंगवर हात ठेवून बघतच राहिली. मग इंग्रजीत म्हणाली, “आमच्या भाषेत हे नाहीच. आमचा एकच शब्द. कोण आत, कोण बाहेर, ऐकणाऱ्याने ओळखायचं.” तिला हे फार आवडलं. पुढे कितीतरी दिवस ती येताजाता ‘आपण, आपण’ करत असे. मात्र घाईत असली की हमखास चुकायची आणि आम्ही म्हणायची, मी ‘आपण म्हण’ असं टोकायचे, आणि आम्ही दोघी हसायचो.

मावशी अमेरिकन होती. तिला मावशी करून टाकलं माझ्या लेकीने. नावं मी इथे कुणाचीच घालणार नाही. त्याचं कारण पुढे येईल.

आम्ही राहायचो सौदीत, थुवालला. एका अंगाला लाल समुद्र, जुनं कोळ्यांचं गाव, आणि फाटकांच्या आत विद्यापीठाचा कॅम्पस. माझा नवरा कॅम्पस थंड ठेवणाऱ्या चिलर प्लांटवर इंजिनिअर होता, एका ठेकेदार कंपनीचा. मावशीचे यजमान, म्हणजे आमच्या घरच्या भाषेत काका, त्याच कंपनीत यांच्यावरचे साहेब. दोन्ही घरं शेजारी. मी कॅम्पसच्या नर्सरीत काम करायचे. बाहेर बायकांना गाडी चालवता येत नव्हती त्या काळातही कॅम्पसच्या आत मावशी बिनधास्त चालवायची आणि सगळ्या बायकांची सारथी होती.

ती मराठी शिकली ती माझ्या लेकीसाठी. आम्ही नाशिकहून आलो तेव्हा लेक पाच वर्षांची आणि भलती बुजरी. मराठीखेरीज कुणाशी चकार शब्द नाही. शेजारच्या पोरीने आपल्याशी बोलू नये हे काही मावशीला सहन होईना. रोज माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर येऊन बसायची, लाटणं, पोळपाट, मीठ, साखर असं बोट दाखवत विचारायची. वर्षभरात लेक इंग्रजी शिकली आणि मावशी मराठी. गंमत अशी, की पुढे मी मराठीत हाक मारली की लेक ‘कमिंग, आई’ म्हणायची, आणि मावशी तिला ओरडायची, “मराठीत बोल ग!” माझ्या सख्ख्या बहिणीनेही तिला इतका जीव लावला नसता. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचल्यावर कुणी तिला सरळ खलनायिका करून मोकळं व्हायला नको.

ती वर्षं सौदायझेशनची. परदेशी माणसांच्या नोकऱ्या एकेक करून सौदी तरुणांना द्यायच्या, असं सरकारने ठरवलेलं. त्यामुळे आमच्याकडे ‘रिप्लेसमेंट’ हा शब्द घरोघरी झाला होता. माणसाच्या हाताखाली सौदी इंजिनिअर यायचा, वर्ष-दोन वर्षं शिकायचा, आणि मग शिकवणाऱ्याने गाशा गुंडाळायचा. बायका एकमेकींना ‘कितवा महिना?’ विचारावं तसं ‘तुमच्याकडे रिप्लेसमेंट आला का?’ विचारायच्या. पण आमचे हे म्हणायचे, “घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की भाडेकरूने खोली सोडायची असते. त्यात रडायचं काय?” मला मात्र रडू यायचं. माझं स्वयंपाकघर तिथे लागलं होतं.

यांचा रिप्लेसमेंट आला तो तिशीतला, सडसडीत, अमेरिकेत शिकलेला माणूस. इंजिनिअरला अरबीत मुहंदिस म्हणतात, तेच आम्ही त्याचं नाव करून टाकलं. तो आमच्या घरी पहिल्यांदा आला तो दिवस या सगळ्या हकिगतीचं मूळ आहे, म्हणून तो नीट सांगते.

गणेश चतुर्थी होती. आमचा गणपती म्हणजे बोटभर उंचीची पितळी मूर्ती, जेवणाच्या टेबलाशेजारच्या कपबशांच्या कपाटात, मधल्या खणात. तिथे आपले देव उघड्यावर मांडायचे नसतात, घरात कुणी मुद्दाम बघायला येत नाही, पण आपण मर्यादा पाळायची, हे सगळ्यांना ठाऊक. वर्षभर कपाटाचं दार बंद. चतुर्थीला उघडायचं, आरती पुटपुटल्यासारखी म्हणायची, आणि दीड दिवसांनी बादलीत विसर्जन करून मूर्ती पुसून पुन्हा खणात. मोदकांची पिठी जेद्दाहून श्रीवर्धनच्या एका दुकानदारभाऊंकडून यायची. ते स्वतः मुसलमान, पण आमची चतुर्थी कधी आहे ते माझ्याआधी त्यांना माहीत असायचं.

त्या दिवशी जेवणं झाली होती. मावशी टेबलाशी बसून मोदक खात होती, लेक तिच्या मांडीला टेकून. एवढ्यात बेल वाजली. यांची कंबर धरली होती म्हणून हे कामावर गेले नव्हते, आणि प्लांटवरचा एक पंप सारखा बंद पडत होता, म्हणून मुहंदिस विचारायला घरीच आला. मी झटकन कपाटाचं दार लोटलं. हे त्याला आत घेऊन आले, खुर्ची दिली, कागदावर आकृती काढून समजावू लागले. आणि आमच्या त्या कपाटाचं दार, जे कधीच धड लागायचं नाही, ते हळूच, करकरत, सगळं उघडलं. आत समई तेवतेय, दूर्वा नव्हत्या म्हणून कोथिंबीर वाहिलेली, आणि मधोमध गणपती.

नोकरी, इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना, लेकीची शाळा, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. मावशीच्या हातातला मोदक हातातच. मुहंदिसने कपाटाकडे पाहिलं, मग यांच्याकडे पाहिलं. उठला. जाऊन दार हलकेच लोटलं आणि तळहाताने दाबून धरलं. म्हणाला, “हे नीट लागत नाही. याला मॅग्नेट पाहिजे.” मग आपल्या खुर्चीवर येऊन पंपाचं पुढचं विचारू लागला. मी वेड्यासारखी त्याच्यापुढे मोदक ठेवला. त्याने खाल्ला, आणि रमजानमध्ये त्यांच्याकडे कतायफ नावाचं सारण भरलेलं गोड करतात, तसाच लागतो म्हणाला. अमेरिकेत शिकताना एका बाईने त्याला सणाच्या दिवशी घरी जेवायला बोलावलं होतं, ती आठवणही मावशीला सांगितली. मावशी खुलली. दोघं त्या भागातल्या रस्त्यांविषयी बोलत बसली.

दुसऱ्या दिवशी तो स्क्रूड्रायव्हर आणि मॅग्नेटचा कॅच घेऊन आला. दोन स्क्रू पिळले. दार खट्‌कन लागलं. “खलास,” म्हणाला, आणि गेला. त्या विषयावर तो पुन्हा कधीही बोलला नाही. माझ्या नवऱ्याची जागा घ्यायला आलेला माणूस माझ्या देवाचं दार नीट करून गेला होता.

वर्षभरात काकांचं काँट्रॅक्ट संपलं ते पुन्हा झालं नाही. पगार त्यांचा मोठा, त्यामुळे कुऱ्हाड आधी त्यांच्यावर. यांना सल्लागार म्हणून आणखी काही वर्षं ठेवून घेतलं. मावशीचं सामान निघालं तेव्हा लेक तिच्या कमरेला मिठी मारून बसली होती. गाडीत बसताना मावशी रडत म्हणाली, “आपण भेटू.” अगदी बरोबर म्हणाली.

मावशीचं गाव अमेरिकेच्या दक्षिणेतल्या डोंगरांत. पूर्वी तिथे फर्निचरचे कारखाने होते, ते बंद पडून जमाना झाला होता. काकांना वाटलं होतं, एवढा आखाती अनुभव, कुणीही उचलून घेईल. कुणी घेतलं नाही. एका ठिकाणी जवळजवळ ठरलं आणि शेवटी दुसऱ्याला घेतलं. तो दुसरा भारतीय होता, हे मावशीने मला फोनवर सांगितलं आणि एकदम गप्प झाली. मीही गप्प झाले. त्या गप्प बसण्यात काहीतरी रुजलं असं मला आज वाटतं, पण तेव्हा मी विषय बदलून लोणच्याचं विचारलं.

मग वादळात त्यांच्या घरावर झाड पडलं. विमा कंपनी टोलवाटोलवी करत होती. अशा वेळी काही माणसं शिड्या घेऊन आली, छप्पर दुरुस्त केलं, बायकांनी आठवडाभर जेवणाचे डबे पोचवले. मावशी फोनवर आनंदाने रडली. “इथेही माणसं आहेत ग!” मलाही बरं वाटलं. ती माणसं म्हणजे एक संघटना होती. मी तिला मंडळ म्हणायचे, कारण आपले लोकही परदेशात गेले की पहिलं काय काढतात, तर मंडळ. मावशी त्या मंडळात जाऊ लागली. काका जाऊ लागले. आधी छप्पर, मग जेवण, मग रविवारच्या सभा. शत्रू कोण आहे ते त्यांनी अगदी शेवटी सांगितलं, आणि तोवर या दोघांना त्या लोकांशिवाय दुसरं कुणी उरलं नव्हतं.

मावशीचे फोटो बदलले. आधी घरचे केक आणि परसातले भोपळे असायचे, मग झेंडे आले, मग झेंड्यांशेजारी बंदुका घेतलेली हसरी माणसं. त्यांच्या देशात कुठेतरी तरुण मुलं मशाली घेऊन रस्त्यावर उतरली, आमची जागा दुसऱ्यांना घेऊ देणार नाही अशा घोषणा देत. त्याचा व्हिडिओ मावशीने पाठवला नाही. तिने नंतर एक लांबलचक लेख पाठवला, की ही मुलं चिडली ते का चिडली हेही समजून घ्या. त्या लेखात तोच शब्द होता, रिप्लेसमेंट. मी तो शब्द बघत बसले. अग बाई, आमची रोज होतेय की रिप्लेसमेंट! रीतसर, नोटीस देऊन होतेय, आणि आमचे हे त्या माणसाला पंप शिकवतायत.

आमच्या माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझे थोरले बंधू नाशिकहून अमेरिकेतल्या पुढाऱ्यांचे व्हिडिओ टाकायचे आणि खाली लिहायचे, ‘असा खमक्या माणूस पाहिजे. एकेकाला बरोबर सरळ करेल.’ मी लिहिलं, “दादा, त्याच्या यादीत तुझी भाची पण आहे.” दादाने लिहिलं, “आपली मुलं वेगळी. ती शिकलेली.” आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी लिहिलं, “तिकडचा माणूस रस्त्यात पदवी विचारत नाही.” त्यावर वहिनीने फुलांचा गुच्छ टाकला आणि विषय संपला.

लेक तोवर अमेरिकेतच गेली होती शिकायला. मावशीच्या गावापासून दीड-दोन तासांवर कॉलेज. मावशीने हट्टच धरला होता, की सुट्टीत ती कुठेही जाणार नाही, आमच्याच घरी. आणि खरंच, वरच्या मजल्यावर तिच्यासाठी खोली केली होती, पलंगावर मी पूर्वी दिलेली गोधडी घातली होती. पहिल्या वर्षीच्या सुट्ट्या छान गेल्या. मावशी तिला मराठीत रागवायची आणि लेक इंग्रजीत उत्तर द्यायची. आमचा गाशा इथून कधीही गुंडाळला जाणार होता. लेकीला त्या देशात दुसरं घर नव्हतं. तिच्या पाठीशी तेवढंच एक छप्पर होतं, आणि ते त्या मंडळाने दुरुस्त केलेलं होतं.

दुसऱ्या वर्षी त्या गावात काही मुसलमान कुटुंबांनी एक बंद पडलेलं दुकान नमाजासाठी घ्यायचं ठरवलं. कोंबड्यांच्या कारखान्यात काम करणारी माणसं ती, दोन-तीन दवाखान्यातली. मंडळाने विरोध उभा केला. आणि मंडळाला एक वक्ता सापडला, जो इतर कुणाकडे नव्हता. मावशी. “मी त्यांच्यात नऊ वर्षं राहिले आहे,” ती सभेत सांगायची. लोक जागचे हलायचे नाहीत म्हणे. ज्या बाईला परत आल्यावर कुणी दारात उभं केलं नव्हतं, तिला आता शेजारच्या गावांतून बोलावणी येत होती.

लेकीने मला एक क्लिप पाठवली आणि खाली फक्त लिहिलं, “Aai, listen.” मी नर्सरीच्या व्हरांड्यात उभी राहून ऐकली. मावशी सांगत होती, की तिथे माझी एक जिवाभावाची मैत्रीण होती. ती आपला देव कपाटात लपवायची. ताटवाट्यांमागे. एकदा कपाट उघडलं, त्या वेळचा तिच्या तोंडावरचा थरकाप मी कधी विसरणार नाही. आपल्यालाही एक दिवस आपला देव कपाटात ठेवावा लागेल, तुम्हाला चालेल का?

एवढंच. तिथेच थांबली. दार कुणी लोटलं ते नाही, मॅग्नेट नाही, मोदक नाही.

ती पुन्हा पुन्हा ‘वी’ म्हणत होती आणि मी प्रत्येक ‘वी’चं मनातल्या मनात मराठी करत होते. सभागृहातल्यांना वाटत असेल आपण. पण मी ऐकणारी होते आणि त्यात मी नव्हते. माझा देव होता, माझी भीती होती, मी नव्हते. संतापाने माझे कान तापले. माझं घर, माझं कपाट, माझी चतुर्थी हिने नेऊन त्या गरीब कामगारांच्या अंगावर घातली होती.

मी तिला फोन केला. उगाच कसं आहे, काय चाललंय केलं नाही.

“माझ्या गणपतीची गोष्ट तू सभेत सांगतेस?”

“त्यात खोटं काय आहे?” ती म्हणाली.

“खोटं नाही, अर्धं आहे. दार लोटलं कुणी?”

ती म्हणाली, “तो एक माणूस चांगला होता. एका माणसाने काय होतं?”

“मग त्या एकाचं सांग की. आणि मीसुद्धा एकच आहे. माझं कशाला सांगतेस?”

“तुला तिथे राहून राहून भीतीची सवय झालीय,” ती म्हणाली. तिला हे मनापासून वाटत होतं, आवाजावरून कळत होतं. माझी कीव येत होती तिला. मग तिने खरी गोष्ट काढली. शनिवारी दुपारी गावच्या सभागृहात मोठी सभा होती, गावचं कौन्सिल त्या दुकानाचा निर्णय घेणार त्याच्या आधीची. लेक सुट्टीला तिच्याच घरी आलेली होती. तिने व्यासपीठावर येऊन दोन शब्द बोलावेत. “ती तिथे वाढलीय. तिने सांगितलं तर लोक ऐकतील. नुसतं म्हणायचं, हो, आमच्या घरी देव कपाटात होता.”

मी म्हटलं, लेकीला विचारते. फोन ठेवला आणि यांना सगळं सांगितलं.

हे ऐकून आमचे हे म्हणाले, “तिला म्हणावं, बॅग भर आणि कॉलेजवर परत जा. काहीतरी कारण सांग. त्या लोकांच्या हातात बंदुका आहेत आणि आपण इथे बसलोय.” बाप म्हणून बरोबरच होतं ते. माझंही मन तेच सांगत होतं. पोरीने गप्प राहावं, छप्पर सांभाळावं, शिक्षण पुरं करावं. आयुष्यभर आम्ही तेच केलं होतं. मर्यादा पाळली, दार लोटून घेतलं.

लेकीला फोन लावला. ती परसात जाऊन बोलत होती.

“बाबा म्हणतात निघून ये.”

“Then she’ll tell it without me,” ती म्हणाली. आणि मग, कितीतरी दिवसांनी, सबंध वाक्य मराठीत बोलली, “आई, मी तिथे होते ना. मी मावशीच्या मांडीजवळ होते. मला सगळं आठवतंय.”

माझी भीती कुठे गेली नाही. पण तिच्याशेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं, आणि ते जास्त जड होतं. मी म्हटलं, “मग सगळं सांग. मॅग्नेटसकट सांग. पण मुहंदिसचं नाव घ्यायचं नाही, प्लांटचं नाही, कुणाचंच नाही. त्याने आपलं झाकलं, आपण त्याचं उघडं करायचं नाही.” म्हणूनच आज लिहितानाही कुणाचं नाव घालत नाही. मग आम्ही दोघींनी व्यवहाराचं ठरवलं. कॉलेजातली तिची मैत्रीण गाडी घेऊन सभागृहाबाहेर थांबेल. बॅग आधीच गाडीत जाईल. गोधडीही घे, मी म्हटलं. मग पुन्हा म्हटलं, नको, गोधडी राहू दे. ती मावशीला दिलेली आहे.

शनिवारी, तिकडे दुपार आणि आमच्याकडे रात्रीच्या जेवणाची वेळ, मंडळाच्या पानावर सभा थेट दाखवत होते. हे टेबलाशी बसले, पण ताटाला हात लावला नाही. पडद्यावर घडीच्या खुर्च्या, भिंतीवर झेंडे, पांढऱ्या केसांचीच माणसं जास्त. मागच्या भिंतीला टेकून काही तरुण उभे. मावशी बोलली, चांगली बोलली, तीच कपाटापर्यंतची गोष्ट. मग तिने हात पुढे केला आणि म्हणाली, ही माझी मुलगीच आहे, हिला विचारा. आणि माझी बुजरी पोर माईकसमोर आली. बोलली इंग्रजीत, मी माझ्या मराठीत सांगते.

“हो, आमचा देव कपाटात होता,” ती म्हणाली. मावशी मान डोलवत होती. “आणि आम्ही घाबरलो होतो, हेही खरं. पण गोष्ट तिथे संपत नाही. दार उघडलं तेव्हा खोलीत एक सौदी माणूस होता. त्याने उठून दार लावलं. म्हणाला, याला मॅग्नेट पाहिजे. दुसऱ्या दिवशी मॅग्नेट आणून बसवला. आम्ही सगळे त्या खोलीत होतो.” मावशीकडे वळून ती म्हणाली, “आपण सगळे होतो ना? तू मोदक खात होतीस.”

तिने ‘वी’च म्हटलं होतं. पण इकडे टेबलाशी आम्हा दोघांनाही तो आपण असा ऐकू आला.

मावशीने मान डोलवायची थांबवली. मागून एक तरुण ओरडला, “तो तिथे आला कशाला होता? तुझ्या बापाची नोकरी घ्यायला ना?” कुणीतरी हसलं. माझ्या शेजारी यांनी टेबलाची कड धरली.

लेक म्हणाली, “हो. घेतली त्याने. त्याचा देश आहे. बाबांनीच त्याला काम शिकवलं. तुमच्या गावात दुकान मागतायत ती माणसं कुणाची नोकरीही मागत नाहीयेत. त्यांना एक दार हवंय, जे नीट लागेल.”

टाळ्याबिळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पुढच्या रांगेतली एक म्हातारी आपल्या पर्सचा चाप उघडमीट करत राहिली. मावशीने “थँक यू, स्वीटी” म्हणत माईक घेतला, दुसऱ्या माणसाने झेंड्यावरून काहीतरी बोलायला सुरुवात केली, आणि लेक मधल्या वाटेने चालत दाराबाहेर गेली. ती चित्रातून गेल्यावर तिचा फोन येईपर्यंत जो काळ गेला, तो मला कुणी पुन्हा जगायला सांगू नये. “In the car,” ती म्हणाली. हे तोंड फिरवून रडले. मी मुळीच रडले नाही, मला एवढा अभिमान वाटत होता.

त्या दुकानाचं काय झालं ते लगेच काही ठरलं नाही, पुढे ढकललं. एका पोरीच्या बोलण्याने गाव बदलत नाही, आणि ती बोलली ती तेवढ्यासाठी नव्हतीच. आपली गोष्ट आपण पुरती सांगायची, एवढंच आमचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. मी सामान बांधत होते, यांचेही शेवटचे महिने आले होते. कपबशा काढून झाल्या होत्या आणि मी मॅग्नेटचे स्क्रू सोडवत होते, तो नाशिकला न्यायचाच असं ठरवून.

ती मराठीतच बोलली. सावकाश, एकेक अक्षर चावत, पहिल्या दिवसासारखी.

“आम्ही तिला घर दिलं,” ती म्हणाली. “आम्ही तिच्यावर प्रेम केलं. आता आम्ही तुमच्याशी बोलणार नाही.”

इतक्या वर्षांची सवय. ‘आपण म्हण’ असं टोकायला मी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. घाईत नव्हती, गोंधळली नव्हती. तिन्ही वेळा तिने शब्द अगदी नेमका वापरला होता, मीच शिकवला होता तसा.

ती माझ्या उत्तराची वाट बघत होती, फोन ठेवत नव्हती. मॅग्नेट माझ्या मुठीत होता. म्हटलं, ठीक आहे, आता चुकायची पाळी माझी.

“आपण भेटू,” मी म्हटलं.